क्लायंटची वेबसाइट करताना या चुका टाळा

डिझाइन मंजूर आहे, होमपेज छान दिसतंय, आणि तरी साइट महिनोन्‌महिने लाइव्ह होत नाही. फ्रीलान्स वेब डिझायनरचं काम असं रखडतं तेव्हा रंग किंवा लेआउट क्वचितच आडवा आलेला असतो. मजकूर आलेला नसतो, शेवटचा होकार कोण देणार हे ठरलेलं नसतं, नाहीतर डोमेनचा पासवर्ड कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. या गोष्टी पहिल्या आठवड्यात लिहून ठरवल्या तर पुढचे बरेच वाद उद्भवतच नाहीत.

मजकुराआधी डिझाइन

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘लोरेम इप्सम’ हा नमुन्याचा निरर्थक मजकूर भरलेलं पान नेहमी सुबक दिसतं, कारण तो मजकूर आपणच जागेच्या मापाने कापलेला असतो. खरा मजकूर आला की सेवेचं नाव दोन ओळींत जातं, तीन चौकटींच्या जागी सात लागतात आणि ‘आमच्याबद्दल’मध्ये चारच वाक्यं येतात. साइट मराठीत असेल तर आणखी एक अडचण येते. वेलांट्या आणि रफार अक्षराच्या वर जातात, उकार खाली उतरतात. इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेली घट्ट लाइन-हाइट (ओळींमधलं अंतर) तशीच ठेवली तर ओळी एकमेकींना भिडतात.

म्हणून आधी पानांची यादी करा. प्रत्येक पानासमोर मजकूर कोण देणार, फोटो कोण देणार आणि कधीपर्यंत, हे लिहा. “कंटेंट पाठवा” एवढंच सांगितलं तर क्लायंट कोऱ्या पानासमोर अडकतो. त्याऐवजी त्याला प्रश्न पाठवा: तुम्हाला फोन करणारा माणूस सगळ्यात आधी काय विचारतो? काम कुठल्या टप्प्यांनी पुढे जातं? काय काम तुम्ही घेत नाही? याची उत्तरं लोक भराभर देतात, आणि त्यातूनच अर्धी साइट उभी राहते. लिहिण्याचं काम तुम्हीच करणार असाल तर कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ असू द्या.

काम आधीच इथे अडलं असेल तर मुख्य पान, सेवा आणि संपर्क एवढ्यावरच साइट सुरू करण्याचा पर्याय क्लायंटसमोर ठेवा. बाकीची पानं मागाहून जोडता येतात. आणि पुढच्या वेळी मोठा हप्ता ‘लाइव्ह झाल्यावर’ या अटीला बांधू नका. अ‍ॅडव्हान्स, डिझाइनला मंजुरी, स्टेजिंगवर (लोकांसाठी खुली न केलेल्या चाचणी प्रतीवर) पूर्ण साइट दाखवणं, असे टप्पे धरा. नाहीतर उशीर क्लायंटचा आणि पैसे तुमचे अडकलेले, अशी गत होते.

सगळ्यांचा फीडबॅक

एक म्हणतो लोगो मोठा करा, दुसरा म्हणतो लहान. क्लायंटच्या बाजूने एकाच व्यक्तीने सगळ्यांची मतं गोळा करून एकच यादी पाठवायची, आणि अशी एक यादी म्हणजे बदलांची एक फेरी, हे करारात घाला. किती फेऱ्या दरात धरल्या आहेत तेही. फोनवर किंवा व्हॉइस मेसेजवर सांगितलेले बदल त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा. “मजा येत नाहीये” असं ऐकू आलं तर लगेच रंग बदलायला बसू नका. साइटवर आलेल्या माणसाला काय सापडणार नाही असं वाटतंय, ते विचारा.

डोमेन स्वतःच्या नावावर

सोय म्हणून डिझायनर डोमेन आपल्याच खात्यातून घेतो. मग नूतनीकरणाची ईमेल त्याच्याकडे येते, आणि ती नजरेतून सुटली तर साइट आणि ईमेल दोन्ही बंद पडतात. डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर असावं. तुम्ही स्वतःसाठी वेगळं लॉगिन मागून घ्या. आधीच्या डिझायनरचा पत्ता लागत नसेल तर आयकॅनच्या (डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या) लुकअपमध्ये रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन जिथे नोंदवलंय त्या कंपनीचं, नाव बघा आणि क्लायंटला थेट तिथे अर्ज करायला सांगा.

लाइव्ह झाल्यावर दिसणारे बिघाड

*क्लायंटची ईमेल अचानक बंद.* नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलताना जुन्या डीएनएसमधल्या, म्हणजे त्या नोंदींच्या यादीतल्या, मेल कुठे पोहोचवायची ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी मागे राहिल्या, हे बहुतेक वेळा कारण असतं. त्या नोंदी, आणि मेल खरंच त्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या सोबतच्या एसपीएफ व डीकेआयएम नोंदी, नव्या डीएनएसमध्ये भरा. मुळात नेमसर्व्हरला हात न लावता फक्त साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारा ए रेकॉर्ड (आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची नोंद) बदलणं जास्त सुरक्षित. आदल्या दिवशी टीटीएल (इतर सर्व्हरनी जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ) 300 सेकंदांवर आणलात तर काही चुकलं तरी लवकर मागे फिरता येतं.

*संपर्क फॉर्मचे मेसेज स्पॅममध्ये.* बऱ्याच फॉर्ममध्ये ‘फ्रॉम’च्या जागी साइटवर आलेल्या माणसाचा पत्ता घातलेला असतो, आणि मेल सर्व्हरला ती तोतयेगिरी वाटते. ‘फ्रॉम’ला साइटच्या डोमेनचा पत्ता द्या, त्या माणसाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये, आणि मेल एसएमटीपीने, म्हणजे मेल खात्याच्या लॉगिनने, पाठवा.

*गुगलवर साइट दिसत नाही.* वर्डप्रेसमध्ये ‘सेटिंग्ज’खालच्या ‘रीडिंग’मध्ये सर्च इंजिनांना अडवणारी खूण काम चालू असताना लावलेली असते आणि तशीच राहते. ती काढा. जुन्या साइटचे पत्ते बदलले असतील तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लावा. ही यादी जुनी साइट बंद करण्याआधीच करून ठेवा, नंतर ते पत्ते शोधत बसावं लागतं.