औषधांवर स्थिर असलेल्या माणसाला नवी लस देताना

एचआयव्हीच्या उपचारात्मक, म्हणजे आधीच लागण झालेल्यांना द्यायच्या, लशींच्या ट्रायलमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांना मी आधी एखाद्या सहभागीची फाइल सावकाश वाचायला सांगते. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ५० कॉपीजच्या खाली, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला, गोळ्या नियमित, गेल्या कित्येक वर्षांत भरती व्हायची वेळ आलेली नाही. या माणसाचं ठीक चाललं आहे. आपण जी लस टोचणार आहोत तिच्यावाचून त्याचं आज काहीच अडलेलं नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात नवं औषध तपासताना जेवढा धोका पत्करला जातो, त्याच्या जवळपास जाणाराही धोका इथे चालत नाही. ही गोष्ट मनात पक्की बसली, की प्रोटोकॉलमधल्या, म्हणजे ट्रायलच्या लेखी नियमावलीतल्या, जाचक वाटणाऱ्या अटी कुठून आल्या ते आपोआप कळतं.

मग लस हवीच कशाला? एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या उपचाराच्या, गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात, पण काही सीडी४ पेशींच्या जनुकांत तो निपचित पडून राहतो. हा साठा गोळ्यांना दाद देत नाही, हे १९९७ पर्यंत स्पष्ट झालं होतं. गोळ्या थांबवल्या तर बहुतेकांमध्ये २ ते ४ आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो. प्रतिकारशक्तीला शिकवून त्याला ताब्यात ठेवता येईल का, हा उपचारात्मक लशीमागचा प्रश्न आहे.

या क्षेत्राचा इतिहास थोडा तरी वाचाच. पोलिओची लस शोधणाऱ्या जोनास साल्क यांच्या कल्पनेतून आलेल्या रेम्यून या लशीची मोठी चाचणी २,५०० हून अधिक लोकांवर झाली आणि १९९९ मध्ये थांबवली गेली. लस सोसवत होती, पण आजार रोखण्यात तिचा उपयोग दिसला नाही. त्याहून जास्त शिकवणारी गोष्ट एएलव्हीएसी व्हीसीपी१४५२ या लशीची. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोळ्या थांबवल्यानंतर लस घेतलेल्यांमध्ये विषाणू प्लासिबो (औषध नसलेली नकली सुई) गटापेक्षा जास्त उसळला आणि त्यांना उपचार लवकर सुरू करावे लागले. एचआयव्ही सीडी४ पेशींतच वाढतो. लशीने त्याच पेशी जाग्या केल्या तर विषाणूला आयतं खाद्य मिळू शकतं. म्हणून आमच्याकडे सुरक्षितता म्हणजे दंडाची सूज आणि ताप एवढंच धरत नाहीत. व्हायरल लोड आणि सीडी४ हेही सुरक्षिततेचेच आकडे आहेत.

आता रोजच्या कामाकडे येते. माझ्या मते सुरक्षिततेचं निम्मं काम पहिली सुई टोचण्याआधीच होतं. सहभागी आधीपासून औषधं घेत असतो आणि त्या औषधांच्या खुणा त्याच्या रिपोर्टवर असतात. डोलुटेग्राविर या एचआयव्हीच्या गोळीचं उदाहरण घ्या. हे औषध मूत्रपिंडातून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम तपासायला रक्तात मोजतात तो टाकाऊ पदार्थ) बाहेर टाकण्याचा एक मार्ग अडवतं, त्यामुळे मूत्रपिंड ठणठणीत असतानाही क्रिएटिनिन थोडं वाढतं. ही वाढ औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होते आणि मग आकडा स्थिरावतो. कुणी लशीच्या जरा आधी गोळ्या बदलल्या असतील, तर वाढलेलं क्रिएटिनिन लशीमुळे की गोळीमुळे हे कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. गोळ्या काही महिने तरी बदललेल्या नसाव्यात ही अट त्यासाठीच असते. एएलटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असलं तर कावीळ बी आणि सी, दारू, क्षयरोगाची औषधं, काढे, व्यायामशाळेतल्या पावडरी, सगळं विचारायचं आणि लिहून ठेवायचं. डोकेदुखीची सवय, जुनी पाठदुखी, झोपेची तक्रार हेही आधीच नोंदवा. नाहीतर लशीनंतर तीच पाठदुखी नवी घटना म्हणून नोंदीत शिरते.

लशीनंतरचे सात-एक दिवस सहभागी डायरी कार्ड भरतो: टोचलेल्या जागी दुखणं, लाली, सूज, गाठ, आणि एरवी ताप, थकवा, अंगदुखी, मळमळ. तीव्रता ठरवायला बहुतेक ठिकाणी डेड्स म्हणून ओळखला जाणारा तक्ता वापरतात. त्यात ३८.० पासून ३८.६ अंश सेल्सियसच्या आतला ताप ग्रेड १, ३९.३ पासून ग्रेड ३ आणि ४० किंवा त्यावर ग्रेड ४. तापाचं सोपं, थर्मामीटर सांगतं. दुखण्याची ग्रेड मात्र रोजच्या व्यवहारात किती अडथळा आला त्यावर ठरते. ‘खूप दुखलं का?’ या प्रश्नाला सोशिक माणूस ‘नाही’ म्हणतो आणि घाबरलेला ‘हो’. ‘काल कामावर गेलात का, आंघोळ स्वतः केलीत का, कुशीवर झोपता आलं का’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. कार्ड कोरं आलं तर अंदाजाने भरायचं नाही. कोरं आलं असंच लिहायचं.

नव्यांचा सर्वात जास्त गोंधळ तीव्र आणि गंभीर यांत होतो. ग्रेड ३ ताप घरी बसून उतरला तर तो तीव्र, पण एसएई, म्हणजे नियमांनुसार ‘गंभीर’ घटना, असेलच असं नाही. साध्या जुलाबासाठी भरती व्हावं लागलं तर ग्रेड २ असूनही ती एसएई ठरते. मृत्यू, जिवाला धोका, भरती होणं किंवा भरती लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष: यांपैकी काही घडलं, की कळल्यापासून साधारण २४ तासांत स्पॉन्सरला, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या संस्थेला, कळवायचं. लशीचा संबंध आहे की नाही, याचा विचार करत हा अहवाल अडवून धरू नका. संबंधाचा निर्णय मुख्य संशोधकाचा असतो आणि तो नंतर सुधारताही येतो.

ब्लिपबद्दल, म्हणजे व्हायरल लोडच्या तात्पुरत्या चढाबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण त्या दिवशी सहभागीला खरी गरज तुमची असते. वर्षानुवर्षं ५० च्या खाली असलेला व्हायरल लोड लशीनंतर अचानक ८० येतो. प्रतिकारशक्ती ढवळली की असं घडू शकतं. फ्लूच्या साध्या लशीनंतरही काही जणांत असा तात्पुरता चढ १९९० च्या दशकात नोंदवला गेला आहे. अर्थात लस न घेताही ब्लिप येतात. लगेच पुन्हा नमुना घ्यायचा आणि गोळ्यांची चौकशी करायची, पण पोलिसी सुरात नाही. ‘या महिन्यात गोळी घेणं कधी अवघड गेलं का?’ असं विचारलं तर माणूस मोकळा होतो. २०० च्या खालच्या आकड्याने जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हेही त्याच भेटीत सांगा. तो प्रश्न त्याच्या मनात असतोच, विचारायचं धाडस मात्र होत नाही. दुसऱ्या तपासणीतही आकडा चढाच असेल, तर पुढचा डोस थांबतो आणि औषध-प्रतिरोधाची तपासणी होते.

निव्वळ सुरक्षितता पाहणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये शक्यतो गोळ्या थांबवत नाहीत. जिथे थांबवतात, तिथे हे काम वेगळ्याच वजनाचं होतं. ५,४७२ लोकांच्या स्मार्ट अभ्यासात सीडी४ पाहून औषधं थांबवलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू जास्त झाले, आणि २००६ मध्ये तो अभ्यास आवरता घ्यावा लागला. त्यामुळे आता गोळ्या थांबवल्याच तर व्हायरल लोड वारंवार मोजतात आणि उपचार केव्हा परत सुरू करायचे हे आधीच लिहून ठेवतात. कावीळ बी असलेल्यांना यात घेत नाहीत, कारण एचआयव्हीच्या गोळ्यांतलं टेनोफोविर कावीळ बीलाही आवरून धरतं, आणि ते थांबलं की यकृताचा आजार उफाळू शकतो. एफाव्हिरेन्झसारखं शरीरात रेंगाळणारं औषध आधी बदलावं लागतं. जोडीदाराच्या संरक्षणाचं बोलणंही तेव्हा नव्याने करावं लागतं.

पहिल्या टप्प्याच्या निकालाकडे बघताना तीनचा नियम लक्षात ठेवा. ३० जणांना लस दिली आणि कुणालाही गंभीर त्रास झाला नाही, तरी ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंतचा खरा धोका या आकड्यांशी जुळतो. ‘लस सुरक्षित आहे’ हे वाक्य इतक्यावर कुणी उच्चारलं तर मला ते मान्य होत नाही. एवढ्या लोकांत मोठी अडचण दिसली नाही, इतकंच म्हणता येतं.

संमती घेताना ‘लस’ हा शब्द ऐकूनच माणसं आशेने पाहतात. त्यांना स्पष्ट सांगा की वैयक्तिक फायदा अपेक्षित नाही, गोळ्या चालूच राहतील, निम्म्यावरून बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार सुटणार नाहीत. हे सगळं ऐकूनही अनेक जण सही करतात, पुढच्यांसाठी म्हणून. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच गोपनीयतेत ढिलाई मला सहन होत नाही. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर ट्रायलचं नावसुद्धा घ्यायचं नाही. सहभागीला कसं आणि कुठल्या वेळी संपर्क केलेला चालेल, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

या कामात डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा सांख्यिकी शिकलेले असे सगळे येतात. जीसीपीचं, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याच्या नियमांचं, प्रशिक्षण सर्वांना घ्यावं लागतं. प्रयोगशाळेत जाणार असाल तर रक्तातून पेशी वेगळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये नीट गोठवायला शिका. ताज्या रक्ताचे तास मोजलेले असतात. साइटवर राहणार असाल तर पहिल्या आठवड्यात प्रोटोकॉलमधले दोनच भाग तोंडपाठ करा: कुणाला घ्यायचं नाही, आणि डोस कधी थांबवायचा.

आणखी एक काम बऱ्याचदा राहून जातं. ट्रायलच्या शेवटी गुपित उघडल्यावर कुणाला लस मिळाली, कुणाला प्लासिबो आणि निकाल काय लागला, हे सहभागींना कळायला हवं. तोवर वर्ष-दोन वर्षं उलटतात, नंबर बदलतात, माणसं गाव सोडतात. त्यासाठी पुन्हा संपर्क करण्याची लेखी परवानगी आणि दुसरा एखादा नंबर शेवटच्या भेटीतच घेऊन ठेवा.