गोव्यात लग्न पण घरचं वाटलं पाहिजे: डेस्टिनेशन वेडिंगची सजावट कशी ठरवायची

आम्ही बेळगावचे, धाकट्या बहिणीचं लग्न गोव्यात करायचं ठरलं तेव्हा मामींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "एवढा चोर्ला घाट उतरून जायचं आणि तिथं पण तेच सोनेरी खांब नि लाल मखमल लावायची असेल तर टिळकवाडीतलं कार्यालय काय वाईट हाय गे?" त्या प्रश्नाला तेव्हा कुणाकडंच उत्तर नव्हतं, पण नंतर बहिणीचं लग्न, मग चुलतभावाचं खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडं आणि मावसबहिणीचं दांडेलीला, अशा तीन लग्नांची सजावट मी बघितली आणि प्रत्येक वेळी हाच प्रश्न समोर ठेवून ठरवलं. आपल्या भागातून आता बरीच जणं बाहेर जाऊन लग्न करतात, गोवा तर तीन-चार तासांवर आहे, म्हणून जे कळलं ते सगळं सांगते.

पहिली गोष्ट, इन्स्टाग्रामवरचे फोटो सेव्ह करायच्या आधी जागा बघून या, आणि मुहूर्ताच्या वेळेलाच बघा. मुहूर्त 12 वाजून 20 मिनिटांचा असेल तर सव्वाबाराला तिथं जाऊन उभं राहायचं, संध्याकाळी थंडाव्याला जाऊन "काय मस्त जागा" म्हणून ॲडव्हान्स देऊन यायचं नाही. ऊन कुठून येतं, सावली कुठं पडते, वारा कुठला, जेवणाची जागा किती लांब, आज्जीला चालत जाता येईल का, हे सगळं त्या पंधरा मिनिटांत कळतं. मोबाईलवर चारी बाजूंचे फोटो काढा, नंतर डेकोरेटरशी बोलताना इन्स्टाग्रामपेक्षा हेच फोटो जास्त उपयोगी पडतात.

जागा बघताना एक प्रश्न विचारायचा की इथं आधीच काय आहे. समुद्र असेल, दांडेलीला काळी नदी असेल, जांबोटी-कणकुंबीकडं तर दाट झाडी, आणि जुना वाडा किंवा राजवाडा घेतला असेल तर लाकडी खांब, चौक, जांभ्या दगडाची भिंत. जे आधीच देखणं आहे त्याच्यासमोर पडदा लावायचा नाही. हे लिहायला सोपं वाटतंय पण मी स्वतः बघितलंय, नदीकाठी लग्न आणि स्टेजच्या मागं वीस फुटी बॅकड्रॉप, नदी पूर्ण झाकलेली, लोकांना नदी दिसली ती जेवण झाल्यावर हात धुताना. निसर्ग असलेल्या ठिकाणी मांडव चारी बाजूंनी उघडा ठेवा, चार खांब आणि वर छत, एवढंच. राजवाड्यात तर खांब पण नकोत, चौकात चौरंग, पाट, रांगोळी आणि समया पुरे होतात.

आता दिशेचं सांगते, कारण आमच्याकडं सगळ्यात जास्त घोळ इथंच झाला. अंतरपाट धरताना वधूवर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे राहतात, आणि गोव्याचा समुद्र पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळच्या मुहूर्ताला दोघांपैकी एकाच्या थेट डोळ्यात सूर्य. शिवाय पाहुणे समुद्राकडं तोंड करून बसवले तर फोटोत नवरा-नवरी काळे दिसतात, कारण उजेड मागून. आम्ही शेवटी खुर्च्या मांडवाच्या उत्तरेला लावल्या, म्हणजे पाहुण्यांना दोघंही बाजूनं दिसले, समुद्र उजव्या हाताला राहिला, आणि पश्चिमेच्या बाजूला फक्त वरच्या अर्ध्या भागात सुती कापडाची झालर सोडली म्हणजे डोळ्यावरचं ऊन अडलं. तुमच्या घरी पद्धत वेगळी असू शकते, म्हणून भटजींना जागा ठरवायच्या आधीच विचारा, नंतर विचारलात तर स्टेज बांधून झालेलं असतं आणि मग ऐनवेळी ओढाताण.

होमाचं पण तेव्हाच बोलून घ्या. मांडव निदान 12 बाय 12 फुटांचा पाहिजे, नाहीतर वधूवर, दोन्हीकडचे आईवडील, भटजी आणि होम असे सगळे दाटीवाटीनं बसतात. होमाच्या बरोबर वर कापड किंवा सुक्या वेली लोंबत ठेवायच्या नाहीत आणि जवळपास नेटचं सिंथेटिक कापड अजिबात नको, सुती वापरा. एसी हॉल असेल तर धुराचा अलार्म वाजतो, हॉलवाल्यांना आधी सांगावं लागतं. अक्षतांचं पण विचारून ठेवा, काही रिसॉर्ट लॉनवर तांदूळ टाकू देत नाहीत किंवा साफसफाईचे वेगळे पैसे घेतात.

रंग ठरवायला बसलात की आधी नवरीच्या साड्या समोर ठेवा. अंतरपाटाच्या वेळी पिवळी अष्टपुत्री नेसणार असेल आणि मागं सगळा झेंडूचाच पडदा असेल तर नवरी त्यात हरवून जाते. लाल शालूमागं लाल मखमलीचं पण तसंच. पिवळ्या साडीमागं हिरवं चांगलं दिसतं, केळीची पानं, आंब्याचे डहाळे, त्यात पांढरा निशिगंध. डाळिंबी किंवा जांभळ्या साडीमागं मोतिया रंग घ्या. आम्ही घरात एक ठरवून टाकलं होतं, एक मुख्य रंग, एक जोडीचा रंग आणि धातू एकच, पितळ म्हणजे सगळीकडं पितळच, मधेच चांदीच्या रंगाचे स्टँड नकोत. बहिणीच्या लग्नात शेवाळी हिरवा, मोतिया आणि पितळ होतं, आणि डाळिंबी फक्त तिच्या साडीत ठेवला, त्यामुळे ती कुठंही उभी राहिली तरी नजर तिच्यावरच जायची. मला विचाराल तर रुबाबदार दिसण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे, रंग कमी ठेवणं.

आता माझ्या आवडीचं, खण. गुळेदगुड्डचा खण आपल्याला लांबचा नाही, बागलकोट जिल्ह्यातलाच, इलकल साडी पण तिथलीच, आणि बेळगावच्या बाजारात दोन्ही मिळतात. बाहेरगावी लग्न करताना घरचा एकच धागा सगळीकडं फिरवायचा असेल तर खणापेक्षा चांगलं मला काही सुचत नाही. पण त्याची रीत आहे. खणाचा पन्हा म्हणजे कापडाची रुंदी लहान असते, म्हणून मोठा पडदा करायला गेलात तर जोड दिसतात आणि शिलाईच महाग पडते. त्यापेक्षा लहान जागी वापरा, दाराची तोरणं, खुर्चीच्या पाठीला गाठ, जेवणाच्या टेबलावर मधून जाणारी पट्टी, चौरंगावर, सनईवाल्यांच्या बैठकीमागं, पाहुण्यांना द्यायच्या डब्याला बांधायची रिबन. खणाची चमक उजेडाप्रमाणं बदलते म्हणून दुकानातल्या ट्यूबलाईटखाली रंग पक्का करू नका, बाहेर उन्हात नेऊन बघा. आणि सगळे तागे एकदम घ्या, महिन्यानं परत गेलात तर तोच हिरवा मिळेल असं नाही.

इलकलचा टोप-पदर, तो लाल-पांढरा, लांबून पण ओळखू येतो, त्यामुळे करवल्यांना इलकल नेसवल्या तर त्यांचीच सजावट होते, वेगळं काही लागत नाही. पत्रिकेला आणि पाट्यांना कसुतीतली, म्हणजे धारवाडकडच्या भरतकामातली चित्रं घ्या, गोपूर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती, ही चित्रं रेषांचीच असल्यामुळे छापायला पण सोपी. आम्ही पत्रिकेवर तुळशीवृंदावन घेतलं आणि तेच परत जेवणाच्या पाटीवर, खोल्यांच्या किल्ल्यांच्या पाकिटावर, सगळीकडं तेच एक चित्र. पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, आपल्याकडच्या लग्नात दोन्हीकडचे पाहुणे असतातच, आणि धारवाडहून आलेल्या काकांना "जेवण" कुठं ते विचारत फिरायला लागू नये.

खानापूरची मातीची भांडी पण विसरू नका. खानापूर तालुक्यातली कुंभारकला जुनी आहे, आणि लाल मातीचे माठ, कुंड्या, पणत्या हिरव्या झाडीत इतक्या शोभतात की प्लास्टिकची सोनेरी फुलदाणी बघवत नाही नंतर. वाटेच्या दोन्ही बाजूंना छोट्या कुंड्यांत तुळस लावली होती आम्ही जांबोटीला, लग्नानंतर ज्याला पाहिजे त्यानं घरी नेली. रुखवतात गोकाकची लाकडी फळं ठेवा, गोव्याकडं जाणार असाल तर सावंतवाडीची पण चालतील. पाहुण्यांना द्यायला कुंदा न्या, मांडे नेऊ नका, घाटातून जाताना मांड्यांचा चुरा होतो.

फुलांचं थोडं हंगाम बघून. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, तेव्हा शेवंती भरपूर असते, झेंडू पण असतो. मार्च ते मे मोगरा. झेंडू, शेवंती, निशिगंध हे उन्हात टिकतात, हायड्रेंजिया वगैरे मागवलात तर दुपारच्या लग्नात ती दोन तासांत माना टाकतात, फोटोत जे दिसतं ते बहुतेक थंड देशातलं असतं. निशिगंध संध्याकाळी जास्त दरवळतो म्हणून तो मुहूर्ताच्या जागी ठेवा, जेवणाच्या टेबलावर नको, तिथं जेवणाचाच वास पाहिजे. फुलं कमी पडली तर पानं वाढवा. गोव्यात नारळाच्या झावळ्या विणणारे लोक मिळतात, त्यांच्याकडून विणून घेतलेलं छत मला कुठल्याही कापडी छतापेक्षा आवडतं.

एक चूक सांगते. पहिल्या लग्नात हार आदल्या दिवशी दुपारी टेम्पोत भरले, वर ताडपत्री टाकली, आणि पोचेपर्यंत अर्धी फुलं उकडून काळी पडलेली. बहीण रडायला आली होती आणि मला काय बोलावं कळेना. त्यानंतर फुलं रात्री उशिरा किंवा पहाटे निघतात, टोपल्यांत केळीच्या पानात गुंडाळून, वर ओलं सुती फडकं, आणि गजरे-मुंडावळ्या वेगळ्या थंड पेटीत माणसाबरोबर गाडीत.

लाईटवर लोक खर्च करत नाहीत आणि तिथंच सगळं बिघडतं. पांढऱ्या एलईडीखाली हळदीचा पिवळा रंग हिरवट दिसतो, आणि जांभळे-निळे पार लाईट (स्टेजवर लावतात ते रंगीत झोताचे दिवे) चेहऱ्यावर मारले तर नवरी आजारी दिसते. डेकोरेटरला स्पष्ट सांगा, वॉर्म व्हाइट पाहिजे, 2700 ते 3000 केल्विनमधलं, आणि रंगीत लाईट फक्त झाडांवर, ते पण एकाच रंगाचे. समुद्रावर वाऱ्यानं समई टिकत नाही, काचेचे कंदील वापरा. बेळगावच्या आसपासच लॉनवर करणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी आणि दव पडतं, आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचावर आहे, खुर्च्यांची कव्हरं ओली होतात आणि म्हाताऱ्या माणसांना हुडहुडी भरते, तेव्हा बसायची जागा तरी छताखाली घ्या.

डेकोरेटरला काय नको ते आधी लेखी द्या. थर्माकोल नको, सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच आहे. दोघांच्या नावांची चमकणारी मोठी अक्षरं आम्ही घेतली नाहीत, पत्रिकेत नाव आहेच. मोठ्या जागेचं काम असेल तर दोन कागद मागून घ्या, एक मापासकट आराखडा आणि दुसरा सामानाची यादी, त्यात कुठली फुलं, किती, कापड कुठलं, हे सगळं. "फुलांची सजावट" एवढंच लिहिलेलं असेल तर त्यात अर्धी प्लास्टिकची येतात, आणि तो माणूस खोटं बोललाय असंही म्हणता येत नाही.

गोव्यात किनाऱ्यावर तात्पुरतं काही उभारायलाही परवानगी लागते, ती कोण काढणार ते रिसॉर्टला विचारा. मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, तिथं मोठे दिवे आणि डीजे मनात पण आणू नका. तसंही रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणून आम्ही संगीत आत हॉलमध्ये ठेवलं आणि बाहेर फक्त सनई-चौघडा, तो पण सकाळी.

खणाची तोरणं लावताना स्टेपल मारू देऊ नका, कापू पण नका, सुतळीनं बांधा, आणि उतरवायला घरचा एक माणूस थांबवा, नाहीतर डेकोरेटरची पोरं रात्री सगळं फाडून गोळा करतात. बहिणीच्या लग्नात हे काम मामींनी स्वतःहून घेतलं, रात्री दीडला स्टुलावर चढून एकेक गाठ सोडली आणि सगळे खण मोजून बॅगेत भरले. त्यातल्या दोन खणांची कुंची आता बहिणीच्या मुलीच्या डोक्यावर आहे, शेवाळी हिरवी.