पेट्रोल कटर चालवताना या चुका टाळा, आणि मशीन रुसलं तर आधी हे बघा

काँक्रीट, पाईप कापायचा १४ इंची पेट्रोल कटर हातात आला की निम्मी पोरं त्याला मोठा ग्राइंडर समजतात, घोळ तिथंच सुरू होतो. ३५० एमएमचं पातं पाच हजाराच्या वर आरपीएमने (मिनिटाला फेरे) फिरतं म्हणजे त्याची कड ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पळत असते, आणि चेनसॉला असतो तसा ब्रेक याच्या बहुतेक मॉडेल्सना नसतो. थ्रॉटल सोडला तरी पातं बराच वेळ फिरत राहतं. आणि आपण फिरत्या पात्यासकट मशीन खांद्याला लावून चालू पडतो, काय बोलायचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काप कुठल्या बाजूने मिटणार हे न बघता सुरू करणं. पाण्याच्या लाईनच्या एका कामावर डोळ्यासमोर झालेलं सांगतो. ३०० एमएमचा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडाचा) पाईप, दोन्ही टोकांना मातीचे ढीग, मधे खाली पोकळ, आणि पोरगा बरोब्बर मधोमध वरून कापायला लागलेला. पाईपचं वजन मधे खाली दाबतंय म्हणजे वरची फट मिटणारच ना. पातं चार बोटं आत गेलं तसा इंजिनचा आवाज जड झाला, घुर्र घुर्र, आणि यानं हात काढायच्या ऐवजी अजून जोर दिला. पुढच्या क्षणाला मशीन उसळून तोंडावर, व्हायझर फुटलं, गालाला तीन टाके. डोकं पात्याच्या रेषेत नव्हतं म्हणून तीन टाक्यांवर निभावलं.

यात गणित सोपंय. पाईप दोन्हीकडे टेकलाय आणि मधे झोळ आहे तर वरून कापलं की पातं चिमटणार. म्हणून टेकू कापाच्या जवळ, दोन्ही बाजूंना घ्यायचे, लाकडी ठोकळे किंवा वाळूची गोणी, आणि पडणारा तुकडा सुटा होऊन खाली बसेल असं बघायचं. १४ इंची पातं साधारण १२५ एमएमच आत जातं, त्यामुळे मोठा पाईप एका दमात कापायचा नसतोच, फिरवत फिरवत गोल कापायचा. स्लॅब कापताना फटीत पाचर मारून ठेवा. आवाज जड झाला की सरळ वर काढा, वाकडं करून सोडवायला जाऊ नका.

पातं खालच्या बाजूला चिमटलं तर मशीन पुढे ओढलं जातं, पण पात्याच्या वरच्या-पुढच्या पाव भागाला काही लागलं तर ते थेट आपल्या अंगावर उलटतं. म्हणून त्या पाव भागाने कधीच कापायचं नाही, भिंतीत भोक पाडताना तर नाहीच. आधी दोन-तीन सेंटीमीटरची सरळ खाच, मग त्याच खाचेत टप्प्याटप्प्याने खोल. वळणाच्या रेषेत कापायचा मोह आवरा, पातं वाकतं. खांद्याच्या वर उचलून किंवा शिडीवर उभं राहून, नको म्हणजे नको. अंगठा हँडलभोवती पूर्ण वळलेला हवा.

पात्याचं म्हणाल तर एके ठिकाणी २५.४ एमएमच्या भोकाचं पातं २० एमएमच्या शाफ्टवर पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवलेलं बघितलंय, आणि बसवणारा वर हसत होता! असलं पातं सेंटरला बसत नाही, थरथरतं आणि फुटलं की त्याचे तुकडे कुठेही जातात. बरोबर मापाची बुश (भोकात बसणारी रिंग) घ्या नाहीतर दुसरं पातं घ्या. लाकडाचं दातेरी पातं तर चुकूनही लावू नका. पात्यावर छापलेला आरपीएम मशीनच्या शाफ्टच्या आरपीएमपेक्षा कमी नको. अब्रेसिव्ह चाकावर (घासून कापणारं, झिजणारं चाक) एक्सपायरी असते ती बघायची, पडलेलं किंवा पाण्यात भिजून राहिलेलं चाक टाकून द्यायचं, पैसे गेले तर गेले. डायमंड पात्याचा बाण फिरण्याच्या दिशेने, आणि कडेचा एक जरी सेगमेंट (कापणारा तुकडा) उडाला असेल तर ते पातं बाद.

धूळ हा विषय लोक रुमालावर उरकतात. काँक्रीटची बारीक धूळ म्हणजे सिलिका, रुमालातून ती आरामात आत जाते, आणि सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही. कायद्याच्या नोटिफायेबल, म्हणजे सरकारला कळवावंच लागतं अशा, रोगांच्या यादीत आहे तो. पाणी लावूनच कापा, मिनिटाला निदान अर्धा लिटर, वर एन ९५ मास्क. आणि खोल चरात किंवा बेसमेंटमधे पेट्रोल मशीन अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, माणूस गपकन बसतो.

आता मशीन रुसलं तर. पिकअप मेला की आधी एअर फिल्टर बघा, दहापैकी आठ वेळा तोच असतो. इंजिन ओरडतंय पण पातं कापात थांबतंय म्हणजे बेल्ट ढिला किंवा क्लच गेला, आणि अर्ध्या थ्रॉटलवर कापायची सवय असेल तर क्लच तुम्हीच जाळलाय, कापायचं तर फुल थ्रॉटलवर. आयडलला, म्हणजे थ्रॉटल सोडलेला असताना, पातं फिरत असेल तर आयडल कमी करा, तरी थांबत नसेल तर मिस्त्रीकडे द्या, तसंच चालवू नका. पेट्रोलमधे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑईल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली (तुमच्या मशीनच्या पुस्तकात वेगळं असेल तर तेच धरा), विसरलात तर पिस्टन जाम. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला ओल धरते, महिनाभर टाकीत ठेवलेलं मिक्स वापरू नका. तापलेल्या मशीनमधे पेट्रोल भरायचं नाही, आणि भरल्या जागेपासून तीन मीटर लांब नेऊन मगच चालू करायचं.

दोरी ओढताना मशीन जमिनीवर, उजव्या बुटाचं टोक मागच्या हँडलमधे, डावा हात पुढच्या हँडलवर, पातं कशालाही न टेकलेलं. हवेत लटकवून झटका मारणारे खूप आहेत, रुबाब वाटतो त्यांना. दहा ओढ्यात चालू नाही झालं तर बहुतेक चोक लावूनच ओढत बसलात आणि प्लग ओला झालाय. प्लग काढा, पुसा, चोक उघडा, स्विच बंद करून चार-पाच वेळा रिकामी दोरी ओढा, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्या, प्लग घट्ट बसवा आणि मग स्विच चालू करून परत ओढा.