हेअरस्टायलिस्ट निवडताना: कात्री उचलण्याआधी काय बघायचं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात किंवा घरचं लग्न तोंडावर असताना नव्या हेअरस्टायलिस्टकडे पहिल्यांदा जाऊ नका. जळगाव, धुळे, भुसावळला त्या दिवसांत सलूनमध्ये खुर्ची मिळायची मारामार, मग बोलायला वेळ कुणाला? दीड-दोन महिने आधी नुसतं ट्रिमिंग करून हात बघून घ्या. केस महिन्याला जेमतेम 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मोठी चूक दोन महिन्यांतही पुरती भरून निघत नाही.

शोध दुकानाच्या पाटीवरून नको, डोक्यावरून घ्या. तुमच्यासारखेच केस असलेल्या बाईला किंवा माणसाला विचारा, कटिंग कधी केली? कालची असेल तर तिच्यावरून काही ठरवू नका, ती ड्रायरची करामत असते. घरी धुतलेल्या केसांवर महिन्यानंतरही आकार टिकला असेल, तर हात चांगला. आणि दुकानाचं नाव विचाराल तसं कारागिराचंही विचारा. एकाच सलूनमध्ये चार कारागीर असतात, चौघांचा हात वेगळा.

खुर्चीत बसल्यावर खरी पारख होते. चांगला कारागीर केसांवर लगेच पाणी मारत नाही. आधी कोरडे केस मोकळे करून भोवरा कुठे आहे, कपाळावरचे केस कुठल्या बाजूला उठतात, भांग आपोआप कुठे पडतो, हे बोटांनी चाचपतो. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. कुरळ्या केसांत हा फरक फार मोठा असतो, म्हणून कोरडे केस न बघताच ओले करून कापणाऱ्याकडे कुरळे केस देऊ नका. ‘दोन बोटं काप’ असंही म्हणू नका, त्याची बोटं आणि तुमची बोटं सारखी नसतात. आरशासमोर कोरडी बट धरून नेमकी जागा दाखवा. कापून झाल्यावर तो बटा उलट दिशेने उचलून दोन्ही बाजू जुळतात का ते बघतो की थेट ड्रायर लावतो, हेही लक्षात ठेवा.

त्याने तुम्हाला विचारायलाच हवं: घरी पाणी बोअरचं की नळाचं? रोज तेल लावता का? स्कूटीवर स्कार्फ बांधता का? खान्देशात हे प्रश्न वरवरचे नाहीत. बोअरच्या जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात, शाम्पूला फेस येत नाही, केस राठ होतात. पंचेचाळीसच्या उन्हात स्कार्फखाली घामाने कपाळावरची फ्रिंज चिकटून बसते. हे न विचारता फोटोतला कट जसाच्या तसा करून देणारा तुमच्या केसांचा नाही, फोटोचा विचार करतोय.

रंग करायचा असेल तर पहिला प्रश्न मेंदीचा. पाकिटातल्या काही काळ्या मेंदीत धातूचे क्षार असतात. त्यावर ब्लीच पडलं की केस तापतात, तुटतात. अशा वेळी आधी कानामागची एक छोटी बट रंगवून बघणारा कारागीर निवडा. ॲलर्जीची चाचणी वेगळी: कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून 48 तास थांबायचं. ‘आमच्याकडे आजवर कुणाला काही झालं नाही’ हे उत्तर मिळालं तर उठा. पांढरे केस झाकायला 20 व्हॉल्यूमचं, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइडचं डेव्हलपर (रंगात मिसळायचं द्रावण) बहुधा पुरतं. टाळूला लागेल असं, त्याहून तीव्र 40 व्हॉल्यूम कुणी काढलं तर थांबवा.

केस सरळ-मऊ करणारं स्मूदनिंग किंवा केराटिन करताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर त्या औषधातून फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू निघत असण्याची शक्यता मोठी. बाटलीवरची यादी वाचायला मागा आणि एसीसाठी दारं-खिडक्या बंद ठेवणाऱ्या खोलीत हे करून घेऊ नका. भाव केसांच्या लांबीवर बदलतो, म्हणून पूर्ण रक्कम आधीच बोलून घ्या.

दाढी किंवा मानेवरचे केस काढताना वस्तऱ्यात नवं ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत पाकिटातून निघायला हवं. वापरलेल्या ब्लेडने हिपॅटायटिस बी पसरू शकतो. न धुतलेल्या कंगव्याने आणि टॉवेलने गजकर्ण.

कट वाकडा वाटला तर घरी कात्री लावू नका. दोनदा केस धुऊन बघा आणि आठवड्याच्या आत त्याच कारागिराकडे जाऊन ती बट दाखवा. चांगला कारागीर एवढी दुरुस्ती पैसे न घेता करतो.