अमेरिकन कॉलेज हॉकी बघायची असेल तर वयाचा रकाना वाचा

मी मखमलाबादचा द्राक्षवाला. आमची ऑक्टोबर छाटणी आणि अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचा हंगाम एकाच सुमारास सुरू होतो. एप्रिलमध्ये उरलासुरला माल निघतो तेव्हा त्यांची फायनल असते. ही बर्फावरची हॉकी बरं का, आपली मैदानावरची नव्हे. लेक मिनेसोटात शिकायला गेली आणि हे वेड घरात शिरलं. आता शेजारच्या बागेतली पोरंही विचारतात, म्हणून लिहूनच टाकतो.

आधी वेळ जमवा. सामने बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी रात्री. बोस्टनला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा थंडीत आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच असतात, मिनेसोटाचा सामना तासभर उशिरा. ऑक्टोबरात आणि मार्चच्या मध्यानंतर त्यांची घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, तेव्हा साडेचारलाच उठा. शेतीची वीज रात्रीची असली की मोटारीसाठी उठावंच लागतं, त्यात हेही होऊन जातं. पूर्ण सामना नाही मिळाला तर विद्यापीठांच्या यूट्यूब चॅनेलवर हायलाइट्स असतात.

नियमांत फार डोकं घालू नका. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, गोलकीपर धरून सहा-सहा जण, चेहरा पूर्ण झाकणं सक्तीचं, मारामारी केली की बाहेर.

आता मुख्य काम. आवडलेल्या संघाची खेळाडूंची यादी उघडा. नावं नंतर, आधी वय आणि 'आधीचा संघ' हे रकाने बघा. यातली बरीच पोरं शाळेनंतर एक-दोन वर्षं ज्युनिअर लीगमध्ये, म्हणजे तरुण पोरांच्या स्पर्धांत, खेळून मगच कॉलेजात येतात. म्हणून शेवटच्या वर्षाचा गडी चोविशीचाही असतो. मोठ्या विद्यापीठांकडे एनएचएलने, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक हॉकी लीगने, आधीच ड्राफ्ट केलेली (पुढे आपल्या संघासाठी निवडून ठेवलेली) अठरा-एकोणीस वर्षांची हुशार पोरं, तर लहानांकडे मुरलेले गडी. या खेळातली खरी चुरस मला तरी इथेच दिसते. 2023 च्या फायनलमध्ये मिनेसोटाकडे लोगन कूली, मॅथ्यू नाइज अशी नावं होती आणि 2-0 ची आघाडीही. क्विनिपिॲक या लहान विद्यापीठाने बरोबरी केली आणि जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला सामना मारला. लेक दोन दिवस फोनवर धड बोलली नाही. 2025 मध्ये वेस्टर्न मिशिगनने बोस्टन युनिव्हर्सिटीला 6-2 हरवून पहिलंच विजेतेपद घेतलं.

ऑगस्ट 2025 पासून हा हिशेब थोडा बदललाय. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनिअर लीगच्या खेळाडूंना आधी इथे बंदी होती, कारण त्यांना व्यावसायिक धरत. ती उठली आणि गॅव्हिन मॅकेना हा तरुण खेळाडू मेडिसिन हॅट हा तिकडचा ज्युनिअर संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात आला. 'आधीचा संघ' रकान्यात आता ही कॅनडाची नावं मोजा. माझ्या मते दर्जा वाढेल, पण लहान कॉलेजांना जागा टिकवणं जड जाणार.

वाढ कुठे होतेय ते बघायचं तर पेन स्टेट धरा. टेरी पेगुला यांच्या देणगीतून रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, उभी राहिली, 2012 ला संघ पहिल्या विभागात, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, आला, 2025 ला पहिल्यांदा फ्रोझन फोरला, म्हणजे शेवटच्या चारांत. ॲरिझोना स्टेट तर वाळवंटातला संघ, 2015 पासून. तरीही पहिल्या विभागात साडेतीनशेच्या वर विद्यापीठं असताना पुरुषांची हॉकी खेळणारी जेमतेम साठेक. म्हणून नवखा माणूसही एका हंगामात सगळे ओळखू लागतो.

संघ निवडताना नावावर जाऊ नका. मी डेन्व्हर धरलाय. तिथे अमेरिकन फुटबॉलचा संघच नाही, सगळा जीव हॉकीवर. 2024 ला दहावं विजेतेपद घेऊन त्यांनी मिशिगनच्या नऊला मागे टाकलं. बोस्टनच्या चार संघांतलं कुणी आवडलं तर फेब्रुवारीतले पहिले दोन सोमवार बीनपॉटसाठी, म्हणजे या चौघांच्या आपसातल्या स्पर्धेसाठी, राखा, आपल्याकडे मंगळवारची पहाट. मार्चअखेरीस विजेतेपदाची स्पर्धा सुरू होते: सोळा संघ, हरला की घरी. तेव्हा नेमकी आमची काढणी जोरात असते, म्हणून त्या आठवड्यात मी फक्त निकाल बघतो आणि फायनलच्या रविवारी पहाटे मजुरांना उशिरा बोलावतो.