युटा-ॲरिझोनाच्या सहलीत घड्याळाचा घोळ

उन्हाळ्यात आठवडाभर अमेरिकेतली युटा-ॲरिझोना ही राज्यं गाडीने फिरणार असाल तर आधी घड्याळाचं बघा. या दिवसांत युटा ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतं. त्यात नावाहो या मूळ अमेरिकी लोकांचा प्रदेश बराचसा ॲरिझोनात असूनही युटाचीच वेळ पाळतो. म्हणजे नावाहो प्रदेशातली मॉन्युमेंट व्हॅली पुढे, ॲरिझोनाचीच वेळ पाळणारं पेज गाव मागे. आणि अँटिलोप कॅन्यनच्या सहली निघतात पेजच्या वेळेने. पेजच्या मुक्कामात आमच्या मोबाइलने रात्रीतून वेळ पुढे सरकवली नि आम्ही पहाटे चारलाच डबे भरून तयार! आता आईचं जुनं किल्लीचं घड्याळ पेजच्या वेळेला लावून डॅशबोर्डवर ठेवतो.

राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास मॉन्युमेंट व्हॅली नि अँटिलोप कॅन्यन या दोन्ही ठिकाणी चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दरीत उन्हाळ्यात स्वतःची गाडी नेता येत नाही, शटलच घ्यावी लागते. पार्किंग सकाळी लवकर गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये ढग गडगडले की अरुंद घळीतून बाहेर पडा. पाऊस लांब कुठे पडला तरी लोंढा तिथे येतो. ब्राइस कॅन्यनचा काठ मात्र ८,००० फुटांच्या आसपास, तेव्हा सासूबाईंचा स्वेटर बॅगेच्या तळाशी नको.