गोठून आलेलं इंजिन उघडायच्या आधीची तयारी

आपल्याकडं कोल्हापुरात थंडी म्हणजे पंचगंगेवर धुकं आणि कानाला मफलर, गोठलेल्या पाण्यानं बीड, म्हणजे इंजिनचं ओतीव लोखंड, फुटतं हे सांगून कुणाला पटत नाही. आमचं पोकलेन लडाखला रस्त्याच्या कामावर होतं, होज (पाण्याचा रबरी पाइप) गळला म्हणून ऑपरेटरनं रेडिएटरला ओढ्याचं पाणी ओतलं आणि रात्री मशीन उघड्यावर. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, त्याला जागा मिळाली नाही की ते ब्लॉक, म्हणजे इंजिनचा बिडाचा सांगाडा, फोडून जागा करतं. आता ओळखीतल्या एकाचं तसंच मशीन ट्रेलरवर येतंय म्हणून हे लिहून ठेवतोय.

मशीन उतरलं की पहिली चावी काढून खिशात घाला, कारण बघायला आलेला प्रत्येक गडी "एकदा सेल्फ मारून बघू की" म्हणतो आणि सिलिंडरमध्ये पाणी असलं तर तिथंच कनेक्टिंग रॉड वाकतो. मग ऑइलची पट्टी बघा. पट्टी स्वच्छ दिसली म्हणून सुटलो असं नाही, चालू न केलेल्या इंजिनात पाणी खालच्या ऑइल चेंबरच्या तळाला बसतं, त्यामुळं खाली पारदर्शक बरणी धरून बुडाचा बोल्ट हळूच ढिला करायचा, पाणी असलं तर ऑइलच्या आधी तेच येतं. दुधट, चहासारखं आलं तर समजा तिकडं साइटवरच कुणीतरी चालवून बघितलंय, बेअरिंगही बघावी लागणार. नंतर सगळे इंजेक्टर काढून इंजिन हातानं पान्यावर फिरवा.

आता ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या. त्या बाहेर पडल्या म्हणजे ब्लॉक वाचला, असं लोक छातीठोक सांगतात. शिरोलीतल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा भावा, ती भोकं ओतकामात कोअरची वाळू काढायला ठेवलेली असतात, ब्लॉक वाचवायला नाही. आमच्या दोन टोप्या पडल्या होत्या आणि तरी हेडच्या खाली वीतभर आडवी भेग होती, रंगामुळं दिसतच नव्हती. म्हणून वायर ब्रश, रॉकेल आणि खडू आणून ठेवा. रंग खरवडायचा, रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसून खडूची पूड चोळायची, भेग असली की पांढऱ्यावर ओली रेघ उमटते, केसाएवढी असली तरी.

आतली भेग अशी सापडत नाही. रेडिएटरच्या जुन्या टोपीला ट्यूबचा व्हॉल्व्ह, सायकलचा पंप आणि मधे गेज असं जुगाड करा, सिस्टिम पाण्यानं भरून टोपीवर छापलेल्या आकड्याएवढाच दाब द्या, जास्त नको. चेंबरचा बोल्ट उघडाच ठेवा. काटा पडतोय, बाहेर थेंब नाही आणि चेंबरमधून टिपटिप, तर लायनरचं (सिलिंडरच्या नळीचं) रबर, ऑइल कूलर, हेड नाहीतर ब्लॉक आतून गेलाय. ऑइल कूलर आधी सुटा करून तपासा, स्वस्तात सुटलात तर तिथंच सुटाल. वॉटर पंपाची बॉडी पण बघा.

भेग नुसती बाहेरच्या भिंतीला असली तर उद्यमनगरात स्टिचिंग करून घ्या, भेगेवर एकात एक अडकणारे, स्क्रूसारखे आटे पाडलेले पीस बसवतात, गरम करावं लागत नाही. वेल्डिंगच करायचं तर टोकांना भोकं, निकेलचा रॉड, बोटभर टाका मारून थांबायचं, नाहीतर बाजूला नवी भेग. पण भेग मेन बेअरिंगपर्यंत गेली असली तर ब्लॉक बदला, त्यात पैसा घालू नका.

सामानात गॅस्केट सेट, ब्लॉकच्या टोप्या, थर्मोस्टॅट, होज, आणि ऑइल-फिल्टर दोनदाचं, कारण पहिलं ऑइल दहा-पंधरा मिनिटं चालवून टाकूनच द्यायचंय. कूलंट, म्हणजे पाणी गोठू न देणारं ग्लायकॉल, निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं, मग ते उणे 37 अंशांच्या आसपास टिकतं. नुसतं ग्लायकॉल ओतणारे शहाणे असतात, ते उणे 13 लाच गोठायला लागतं.

आणि हो, वर लिहायचं राहिलं, रेडिएटरमधलं जुनं पाणी सोडायच्या आधी एक बाटली भरून ठेवा, ऑपरेटर शेवटपर्यंत कूलंटच होतं म्हणतो.